‘उशिरा’ म्हणजे किती वाजता? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर आणि खरमरीत लिहिलंत, बरं वाटलं. तुमचा आक्षेप असा, की ‘थोडं’, ‘नंतर’, ‘कुठेतरी’ हे अंग काढून घेणाऱ्यांचे शब्द आहेत आणि मागच्या लेखात मी त्यांची वकिली केली. पुरावा म्हणून तुम्ही पाण्याची सूचना दिलीत: गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येईल. वेळ लिहायला काय हात मोडले होते, असं विचारलंत.

मला तर हीच सूचना चोख वाटते. दुरुस्ती झाली की आधी टाक्या भरणार, मग रिकाम्या पडलेल्या वाहिन्या. उंचावर आणि वाहिनीच्या टोकाला पाणी सगळ्यात शेवटी पोचणार. सूचना मात्र नदीकाठच्या वस्तीला आणि टेकडीलगतच्या सोसायटीला एकच. ‘सकाळी 9.20’ छापलं असतं तर ते बहुतेकांच्या बाबतीत धडधडीत खोटं ठरलं असतं. शिवाय वाचणाऱ्याला करायचं काय असतं? बुधवारी रात्री पिंप, बादल्या, हाताला लागतील ती पातेली भरून ठेवायची. त्याला ‘उशिरा’ पुरतं. वार मात्र नेमका हवा आणि तो दिलेला आहे. ‘या आठवड्यात एक दिवस पाणी नाही’ असं छापलं असतं तर तुमच्याआधी मीच भांडायला गेलो असतो.

तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांच्या 1975 सालच्या लेखात असाच एक संवाद आहे. एक जण मित्राचा पत्ता विचारतो. दुसरा म्हणतो, ‘दक्षिण फ्रान्समध्ये कुठेतरी.’ ऐकणारा ओळखतो, की याला गाव माहीत नाही. याहून नेमकं सांगायचं तर थापच मारावी लागली असती.

पुण्यात स्वारगेटला मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू. एसटी स्टँड, पीएमपीच्या शहर बसचे थांबे, 2024 पासून जमिनीखाली मेट्रो. तिथे नुसतं ‘स्वारगेटला उभा आहे’ म्हणणाऱ्याला शोधून दाखवा.

राहिला लपवाछपवीचा मुद्दा. सोसायटीच्या ग्रुपवर ‘घरी जरा अडचण आहे, मीटिंगला येत नाही’ एवढं पुरे. सासऱ्यांच्या प्रोस्टेटचा रिपोर्ट सगळ्या बिल्डिंगला कशाला? तोच जावई डॉक्टरांपुढे ‘कसलीशी पांढरी गोळी घेतात’ म्हणाला, तर खुशाल झापा त्याला. तिथे गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, शेवटची कधी घेतली, सगळं हवं.

‘बघू, कळवतो’ म्हणून कधीच न कळवणाऱ्यांना तुम्ही घातलेल्या शिव्या मात्र तशाच ठेवल्या आहेत. त्यातला एकही शब्द मी काढणार नाही.