कडबा, ऊस आणि ‘बनगरवाडी’

दादा,

माझ्या छावणीवरच्या कादंबरीवरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. गाव सोडून गेलेल्या बाईनं ठाण्यात बसून, पुस्तकं वाचून माणदेशावर कादंबरी लिहू नये. व्यंकटेश माडगूळकर तो माणदेश जगले होते. आणि 2012 च्या दुष्काळात जनावरांच्या चारा छावणीत कडबा कुठला, तिथं ऊस होता, असं तुमचं म्हणणं.

आधी कडब्याचं. तुमचं बरोबर आहे. 2012-13 साली ज्वारीच हाती लागली नाही, तर कडबा येणार कुठून? माझ्या भावानं छावणीत दोन बैल आणि एक गाय बांधली होती. मी तिथं आठ दिवस राहिले, ट्रकमधून उतरणारा ऊस रोज पाहिला. तरी लिहिताना दावण आली आणि तिच्या मागोमाग कडब्याचा वास आला. तो माझ्या लहानपणीच्या गोठ्यातला. म्हणजे ही चूक पुस्तकांनी केली नाही, माझ्या आठवणीनं केली. जगलेलंही फसवतं, दादा.

माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराची कादंबरी, 1955 साली पुस्तकरूपानं आली. मास्तरकी त्यांनी पोरवयात केलेली. मध्ये बेचाळीसची चळवळ, मुंबई, चित्रपटांचं लेखन. शाळा अर्धवट सुटलेला हा माणूस पुस्तकं वाचता यावीत म्हणून आपलं आपण इंग्रजी शिकला. माळ त्यांचा होताच, पण त्या माळावर जन्मलेले हजारो होते. कादंबरीकार श्री. ना. पेंडशांनीही मुंबईत बेस्टची नोकरी करता करता दापोलीकडचं कोकण लिहिलं.

माझं सांगते. छावणीतल्या आठ दिवसांची वही कितीतरी वर्षं तशीच पडून होती. टिपणं खूप, कादंबरी कुठंच नाही. मग एका पावसाळ्यात ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचली. शेवटी दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन वाट फुटेल तिकडं जातात, वाडी ओस पडते. तिथं मी थांबले. आमचं गाव तसं पांगलं नव्हतं. ते जनावरांसकट उठून एका उघड्या माळावर येऊन बसलं होतं. ज्यांचे बांधावरून कज्जे चालले होते, त्यांची जनावरं शेजारी शेजारी, एकाच टँकरचं पाणी पीत. घरं मागं राहिली, भांडणं बरोबर आली. कादंबरी इथून सुरू झाली. छावणी मी पाहिली होती, पण तिच्यात काय पाहायचं हे मला त्या पुस्तकानं दाखवलं.

‘गाव सोडून गेलेली’ हे मात्र लागलं. मुलगी गाव सोडत नाही, तिला लग्न करून पाठवतात. छावणीवरचं पहिलं प्रकरण मी तीन वेळा फाडलं, कारण त्यातल्या बाया माहेरवाशिणीच्या नजरेनं पाहत होत्या, तिथं शेण काढणाऱ्या बाईच्या नजरेनं नाही.

दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं सध्या माझ्याकडे आहेत. कडबा काढते आहे. तुम्ही छावणीत होतात, म्हणून विचारते: ऊस तुकडे करून घालायचात की अख्खा टाकायचात? आणि म्हाताऱ्या, दात पडलेल्या जनावरांचं काय करायचात? सवडीनं लिहा, मी वाट पाहते.