टिपऱ्यांकडे जायला ओटीपी लागतो

शनिवारी रात्री खिचडीवर तूप वाढून घेता घेता मी सहज म्हणालो, "टिपरेंसारखी मालिका पुन्हा झाली नाही." कुणाला डिवचायचा हेतू नव्हता. पण आमच्या घरात सहज काही म्हणायची सोय राहिलेली नाही. लेक मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, तुला ती मालिका नाही आवडत. तुला तेव्हाचे तुझे केस आवडतात."

हे फार लागलं. २००१ साली अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो आणि भांग पाडायला काहीतरी होतं, हे खरं आहे. पण त्याचा टिपऱ्यांशी काय संबंध?

"आत्ता लावतो," मी म्हणालो. "एकच भाग बघ. हसली नाहीस तर उद्याची भांडी माझ्याकडे."

"उद्या बाई येणार नाहीयेत," बायको म्हणाली. "हे लक्षात घेऊन बोलताय ना?"

घड्याळात आठ चाळीस झाले होते. टीव्ही सुरू केला. आमचा टीव्ही स्मार्ट आहे, म्हणजे तो माझ्यापेक्षा स्मार्ट आहे. पूर्वी बटण दाबलं की चित्र यायचं. (अँटेना फिरवायला गच्चीवर कोण जायचं तो किस्सा मी सांगणार नाही. तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाने एकेकदा सांगून झालाय.) आता बटण दाबलं की टीव्ही आधी आपली चौकशी करतो. तुम्ही कोण, पासवर्ड काय. रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर गाठत पासवर्ड टाकणं म्हणजे चिमट्याने तांदूळ निवडणं. त्यात पासवर्ड लेकीने ठरवलेला, म्हणजे एक कॅपिटल, एक आकडा, एक ते वेटोळं चिन्ह. 'पी'वरून 'क्यू'वर जाताना बाण दोनदा दाबला गेला की परत पहिल्यापासून.

तिसऱ्या प्रयत्नाला पासवर्ड बरोबर आला. त्यावर टीव्ही म्हणाला, ओटीपी पाठवलाय. कुणाला? तर बंगळुरूच्या माझ्या भाच्याला. कारण दोन वर्षांपूर्वी वर्गणी अर्धी-अर्धी भरायची म्हणून खातं त्याच्या नंबरवर काढलेलं. भाच्याला फोन लावला. तो कुणाच्यातरी हळदीला होता, मागे ढोल वाजत होता. "मामा, सांगतो, चार, सात..." एवढं ऐकू आलं आणि पुढचे आकडे ढोलात गेले. तेवढ्यात तीस सेकंद संपले. "परत पाठव मामा!" परत पाठवला. या वेळी त्याने फोनच उचलला नाही.

वाट बघण्यात वेळ फुकट घालवण्याचा माझा स्वभाव नाही, म्हणून मी लेकीला जुन्या मालिका का टिकतात यावर चार शब्द सांगायला घेतले. आणि इथे प्रामाणिकपणे कबूल करतो, सगळ्या टिकत नाहीत. मी हे प्रयोग आधी केलेत आणि तोंडावर आपटलोय. 'करमचंद' तिला कौतुकाने दाखवली होती. १९८५ सालची मालिका, पंकज कपूर गाजर खात खात खुनी शोधतो, बरोबर सेक्रेटरी किटी. आम्ही शाळेत डब्यातलं गाजरसुद्धा त्याच्यासारखं तोडायचो. पंकज कपूर आजही बघावा असाच आहे. गाजरही ताजं आहे. पण तो दर थोड्या वेळाने 'शट अप किटी' म्हणतो तेव्हा लेकीने माझ्याकडे असं बघितलं, की संवाद मीच लिहिले असावेत. "ही नोकरी करते ना त्याच्याकडे? मग ऑफिसला एचआर नाही का?" याला १९८५मध्ये उत्तर नव्हतं आणि आजही माझ्याकडे नव्हतं.

रामायणाबद्दल बोलायची चोरी आहे, कारण आई शेजारी बसलेली असते. मार्च २०२०मध्ये दूरदर्शनने ती पुन्हा दाखवायला घेतली आणि घरात कोंडलेले आम्ही सगळे ओळीने बसलो. आई हात जोडून, मी मांडी घालून. पण एक बाण सुटला की मी उठून पाणी पिऊन यायचो, येताना गॅस बंद आहे का बघायचो, आणि परत आलो तरी तो बाण रस्त्यातच असायचा. समोरून दुसरा यायचा. मग दोघं एकमेकांकडे बघायचे.

महाभारत मात्र अजून तसंच धरून ठेवतं. तिथेही बाण आहेत, तिथेही मुकुट पुठ्ठ्याचे वाटतात, पण राही मासूम रज़ा यांचे संवाद आहेत. भीष्म आणि कृष्ण समोरासमोर उभे राहून नुसते बोलत असले तरी आपण पाणी प्यायला उठत नाही. सुरुवातीला तर चेहराही नाही, नुसतं फिरणारं चक्र आणि हरीश भिमाणींचा आवाज, 'मैं समय हूँ'. आणि हे सगळं, शंतनूपासून कुरुक्षेत्रापर्यंत, ९४ भागांत संपलं. आज आमच्या आईच्या सातच्या मालिकेत ९४ भागांत फक्त हळद होते. लग्न लागायला पुढचा गणपती उजाडतो.

आई म्हणाली, "पण हळद किती छान दाखवतात."

माझी मालिका पारखायची एक साधी पद्धत आहे. मी चहा बघतो. या घरात चहा कोण करतं, तो कोण पितं आणि दूध संपलं तर कुणाची बोलणी खावी लागतात, हे कळलं पाहिजे. बासू चटर्जींचा 'ब्योमकेश बक्षी' घ्या. १९९३ सालची मालिका. रजित कपूर आणि के. के. रैना, म्हणजे ब्योमकेश आणि अजित, खोलीत बसलेले आहेत आणि पुटिराम चहा आणून ठेवतो. पाठलाग नाही, पिस्तुलांची खणाखणी नाही, पार्श्वसंगीत छातीवर बसत नाही. दोन माणसं चहा पीत विचार करताहेत, आणि आपण खुर्चीच्या कडेला सरकलेलो असतो. खुनी कोण हे मला पाठ आहे, तरी मी बघतो. कारण मला खुनी नको असतो, त्या खोलीत बसायला मिळावं एवढंच असतं.

'वागले की दुनिया'तही तेच. आर. के. लक्ष्मण यांच्या डोक्यातला माणूस, कुंदन शाहांनी १९८८मध्ये पडद्यावर आणला, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. वागल्यांना महिनाअखेर असते. आजच्या मालिकांत महिनाअखेर कुणालाच नसते. कुणी बँकेत जात नाही, कुणाची लोकल चुकत नाही, कुणाच्या घरी सोसायटीच्या मेंटेनन्सची नोटीस येत नाही. चहा येतो, चकचकीत ट्रेमधून येतो, पण तो पिण्यासाठी नसतो. तो सासूच्या हातून पडण्यासाठी असतो, आणि पडताना तीन कोनांतून दिसतो.

"पण बाबा," लेक म्हणाली, "खिचडी गार झाली."

साडेनऊ वाजले होते. मी कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, तीन दाबलं, तर पलीकडून हिंदी आली. नाव सांगितलं, नंबर सांगितला, जन्मतारीख सांगितली. पलीकडचा पोरगा फारच गोड होता. "मैं आपकी परेशानी समझ सकता हूँ सर," तो तीन वेळा म्हणाला. परेशानी त्याला समजली होती, फक्त ती घालवणं त्याच्या खात्यात नव्हतं. नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी जाईल. जुना नंबर म्हणजे भाचा. भाचा हळदीत.

अशा वेळी मला 'रजनी' आठवते. तीही बासू चटर्जींचीच, १९८५ची. प्रिया तेंडुलकर पदर खोचायची आणि गॅस सिलिंडरवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत एकेकाला सरळ करायची. टॅक्सीवाल्यांवरचा भाग बघून खरे टॅक्सीवाले निदर्शनं करायला निघाले होते, एवढं ते झोंबलं. मालिका बघून आज कुणी निदर्शनं करतं का? फार तर अंगठा खाली करतात. पण मला फोन धरून बसल्या बसल्या एक शंका आली. रजनीला समोर माणूस मिळायचा. काउंटरच्या पलीकडे एक पान खाणारा, डोळे चुकवणारा, घाम फुटणारा माणूस असायचा. आज रजनी आली असती तर तिला आधी 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकत सतरा मिनिटं सनई ऐकावी लागली असती. त्यात तिचा भाग संपला असता.

बायकोने रिमोट माझ्या हातातून घेतला. "बोलून शोधा ना. टीव्हीला ऐकू येतं." दुसऱ्या एका फुकटच्या ठिकाणी ती गेली आणि माइकचं बटण दाबून रिमोट माझ्या तोंडापुढे धरला, ताप बघतात तसा. मी शुद्ध मराठीत, 'धर'वर जोर देऊन म्हणालो, "श्रीयुत गंगाधर टिपरे."

टीव्हीने जरा विचार केला आणि लिहिलं, 'गाणगापूर ट्रिप'.

पडद्यावर पादुका आल्या. आईने ताट बाजूला सारून हात जोडले. "आता उघडलंच आहेस तर आरती होऊ दे." आरती अकरा मिनिटांची होती. मध्ये कर्जाची जाहिरात आली, तेव्हाही आईने हात सोडले नाहीत.

शेवटी लेकीनेच तिच्या मोबाईलवर चार अक्षरं टाईप केली, काहीतरी दाबलं आणि टीव्हीवर टिपरे आले. एकूण वेळ नऊ सेकंद. हे तिला आठ चाळीसलाही करता आलं असतं. पण तिला बघायचं होतं म्हणे, मी कुठपर्यंत जातो ते.

भाग कुणीतरी टीव्हीवरून टेप करून नंतर चढवलेला होता. खाली पांढऱ्या रेघांची झालर, रंग पाण्यात भिजल्यासारखे, आणि आवाज ओठांच्या अर्धा सेकंद मागे. आधी आबा बोलायचे आणि मग ते काय बोलले ते आम्हाला कळायचं. दिलीप प्रभावळकर वर्तमानपत्रात 'अनुदिनी' लिहायचे, टिपऱ्यांच्या घरातले एकेक जण डायरी लिहिताहेत असं सदर. त्यावरून केदार शिंद्यांनी ही मालिका केली. डायरीत माणूस खलनायक होत नाही. स्वतःच्या वहीत कोण स्वतःला वाईट लिहील? त्यामुळे या घरात कटकारस्थान नाहीच. राजन भिसे यांचा शेखर दिवसभर नोकरी करून आलाय असं खरंच वाटतं. शुभांगी गोखल्यांची श्यामला स्वयंपाकघरातून बाहेर येते तेव्हा आत नक्की काहीतरी शिजत असणार असं वाटतं. शलाका आणि शिऱ्या भांडतात ते मनापासून. आणि आबा बोलायच्या आधी क्षणभर थांबतात, तेव्हाच हसू यायला लागतं. त्या थांबण्यात सगळं आहे. हल्ली तेवढ्या वेळात वीज चमकते.

आईचा पापड तोंडाकडे जाता जाता मध्येच थांबला. "हा चिमणराव ना रे?"

"आबा टिपरे, आई."

"मला शिकवू नकोस. चिमणरावच. म्हातारा झालाय." मग ती लेकीकडे वळली. "काळ्यापांढऱ्या टीव्हीवर लागायचं, चिमणराव-गुंड्याभाऊ. गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे. आमच्याकडे टीव्ही नव्हता, वरच्या मजल्यावर जायचो. जाताना सतरंजी आपली आपण न्यायची. हा तुझा बाबा तिथे बसल्या बसल्या झोपायचा आणि जिन्यावरून खाली आणताना जड व्हायचा."

मालिकेपेक्षा हेच लेकीला जास्त आवडलं असावं, कारण तिने मोबाईल पालथा ठेवला. माझ्या घरात मोबाईल पालथा ठेवणं म्हणजे पूर्वी उभं राहून टाळ्या वाजवण्यासारखं आहे. आणि मग आबा काहीतरी बोलले, ते अर्ध्या सेकंदाने आम्हाला ऐकू आलं, आणि तिच्या नाकातून आवाज आला.

"हसलीस!"

"श्वास सोडला."

"आवाजासकट?"

"मोजला आम्ही," बायको म्हणाली. "भांडी तुझी."

लेक हरल्यावर नेहमी माहिती काढते. तिने मोबाईल पुन्हा सरळ केला. "दिलीप प्रभावळकर, जन्म १९४४. मालिका २००१. म्हणजे आबा झाले तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते." ती थांबली, अगदी आबांसारखी. "बाबा, तू पंचावन्न."

मी नकळत पोट आत घेतलं. पडद्यावर आबा, पांढरे केस, नातवंडं, घरातले ज्येष्ठ. आणि मी इकडे काखेत उशी, कपाळावर चष्मा, आणि तोच चष्मा दहा मिनिटं शोधत होतो.

"दोन वर्षांनी तू आबा."

"त्यांनी मेकअप केला होता," मी म्हणालो.

"तेच तर," आई म्हणाली. "त्याने म्हातारा केलाय. तू झालायस."

यावर घरातल्या तिन्ही बायका इतक्या हसल्या, की पुढचे दोन संवाद कुणालाच ऐकू आले नाहीत आणि लेकीने भाग मागे नेला. मग तो संपला तेव्हा दुसरा आपोआप सुरू झाला, आणि कुणी बंद कर म्हणालं नाही. तिसऱ्याला बायकोने चहा टाकला. रात्री साडेअकराला. दूध कमी होतं, त्यावरून कुणाला बोलणी खावी लागली ते सांगत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. भाचा. ढोल थांबले होते, आवाज बसला होता. "मामा, सॉरी, आत्ता नवीन ओटीपी आलाय, लवकर लिहून घे, आठ, दोन..."

मी कागद शोधायला उठत होतो. बायको कपात चहा गाळत आतून म्हणाली, "त्याला सांगा, आम्ही पोचलो."