पायरहाट विसरलात की!

पायडल मारून घरातली यंत्रं चालवण्यावरचा तुमचा लेख आवडला. जुन्या सायकलवर पंप, मिक्सर, मोबाइल चार्जिंग, तेही शहरातल्या घरात, म्हणजे कौतुकच. पण आमच्याकडे कोकणात विहिरींवर पायरहाट होतेच की! बसून पायाने रहाट फिरवायचा, पाणी वर काढायचं आणि माडा-पोफळींना शिंपणं करायचं.

एक सुचवतो. पायडल मारून बॅटरी भरण्यापेक्षा चाक थेट पंपाला जोडा. साधा माणूस सलग 75 वॉटच्या आसपास ताकद देतो, त्यातली बरीचशी डायनॅमो, बॅटरी, इन्व्हर्टरच खातात. पाणी उपसायला मात्र तेवढी पुष्कळ. 20 फुटांवरून 500 लिटर पंधरा-वीस मिनिटांत निघतं. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. विहीर भरलेली आणि टाकी कोरडी, तेव्हा हे फार आठवलं.

चेनचं मात्र लेखात काहीच नाही. इथल्या खाऱ्या वाऱ्यात ती बघता बघता गंजते. मी गॅरेजमधलं जळकं ऑइल लावतो (घरात बोलणी खाऊन).

बाकी तुमच्या त्या सायकल-मिक्सरवर ओल्या खोबऱ्याचं वाटप बारीक होतं का, की नुसती सरबतंच?