काकूंच्या सुट्टीचे पैसे

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय: पाळणाघराच्या काकूंनी दिवाळीत दार बंद ठेवलं, तर त्या दिवसांचे पैसे कापायचे की नाही? बाणेर-हिंजवडीत गलेलठ्ठ पगारावर असलेली मंडळी ‘सर्व्हिस नाही तर पेमेंट नाही’ असं बिनदिक्कत लिहितायत. एकीने तर कमाल केली: ‘काकूंना काय, घरबसल्या मिळतात.’ सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत दुसऱ्यांच्या मुलांचं खाणं, शी-शू, रडणं, झोपवणं. घरबसल्या!

मी म्युनिकला असते. इथे बव्हेरियात किटाला, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीला, वर्षातून 30 दिवस बंद ठेवायची मुभा आहे, शिवाय शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी 5. ऑगस्टात सलग, नाताळात, मध्येच एखाद्या ब्रुकनटागला, म्हणजे सुट्टी आणि वीकेंडच्या मधल्या दिवसाला. आमच्या किटात फी त्या दिवसांचीही भरावी लागते आणि ती परत मागताना मी कुणाला पाहिलेलं नाही. बंदच्या तारखांचा कागद फ्रिजवर कालनिर्णयशेजारी लावायचा, बस्स. हे ग्रुपवर लिहिलं तर लगेच उत्तर: ‘तुमच्याकडे सगळं सरकार देतं गं.’

देतं, पण सगळं नाही. वर्षाच्या मुलाला किटात जागा मिळणं हा 2013 पासून हक्क आहे. पण शिक्षिकाच कमी पडतात, मग भल्या सकाळी मेसेज येतो: आज नोटग्रुप्पे (अडचणीपुरता एकच छोटा गट), जमेल त्यांनी मूल घरी ठेवावं. मूल आजारी पडलं तर आई-बापाला वर्षाला प्रत्येकी 15 दिवस रजा. किटा बंद आणि मूल ठणठणीत, तर ती रजा नाही. थोरला शाळेत, त्याच्या सुट्ट्या 14 आठवडे, आमची रजा प्रत्येकी 30 दिवस. करा हिशोब. नोव्हेंबरात पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा म्हणून एक बुधवार असतो, त्या दिवशी इथे शाळा बंद आणि ऑफिसं चालू. दोन्ही आम्ही आईबापच करतो.

तरी इथे राग व्यवस्थेवर काढतात, सांभाळणाऱ्या बाईवर नाही. 2015 साली किटांचा संप जवळपास चार आठवडे चालला होता. आपल्याकडे अंगणवाडी सेविका डिसेंबर 2023 मध्ये संपावर गेल्या, जानेवारीतही संप चालूच होता. ग्रुपवर कुणाला पत्ता नव्हता. आपली मुलं तिथे जात नाहीत ना! आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, हा नियम 2017 पासून कायद्यात आहे. त्याबद्दल आपल्या एचआरला एक मेल टाकायची हिंमत होत नाही. काकूंचे हजार रुपये कापायची होते.

एवढं सुनावल्यावर एका मैत्रिणीने शांतपणे विचारलं, ‘मग ऑगस्टात तुझी मुलं कोण बघतं?’

आई. दुसरं कोण? शेजाऱ्यांकडे त्यांची जर्मन ओमा (आजी) बुधवारी येते, केक आणते, पाचला आपल्या घरी जाते. माझी आई 90 दिवसांच्या व्हिसावर येते आणि तिचं तिकीट मी किटाचा कागद समोर ठेवून काढते. पहिल्या वर्षी तिला आल्प्स दाखवले. आता ती थेट स्वयंपाकघरात शिरते. दुपारी मुलं झोपली की बाल्कनीत बसते. खाली बाग आहे, बाकं आहेत, पण बोलणार कुणाशी? तिला फी नाही, बंदचे दिवस नाहीत. इथल्या शिस्तीचं कौतुक मी करते ते तिच्या जिवावर, हे ग्रुपवर लिहायला माझी बोटं वळत नाहीत. ‘आई येते’ एवढंच लिहिलं.

यंदा तिला गौरी-गणपतीआधी पुण्याला परतायचंय. शाळा उघडते सप्टेंबरच्या मध्यावर. नवऱ्याला म्हटलं, तिकीट पुढे ढकलायला किती पडतात ते बघ.