शेफ, कला वाया जाते असं मला नाही वाटत

नमस्कार शेफ, हॉटेलचं किचन सोडून सेल्सची नोकरी धरू का असं विचारणाऱ्या मुलाला मी जो सल्ला दिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. गॅससमोर घाम गाळून सीडीपीपर्यंत, म्हणजे किचनच्या एका सेक्शनचा प्रमुख होण्यापर्यंत, पोचलेल्या पोराला मी सेल्सची बॅग देऊन दारोदार फिरायला लावतोय, कंटाळा आला की पळा असं शिकवतोय आणि त्याच्या हातातली कला फुकट जाणार, असं तुमचं म्हणणं. तुम्ही कळकळीनं लिहिलंत म्हणून मीही सविस्तर लिहितो, पण मला ते पटलेलं नाही.

तो मुलगा गोव्यातल्या डिचोलीचा, ड्युटी कळंगुटला आणि तीही ब्रेक शिफ्ट, म्हणजे सकाळी अकरा ते तीन, मग परत संध्याकाळी सात ते किचन बंद होईपर्यंत. मधल्या वेळात घरी जाऊन येणं परवडत नाही म्हणून स्टाफ रूममध्ये पडून राहायचं, मध्यरात्री बाईक काढायची, सीझनमध्ये वीकऑफ कधी मिळेल त्याचा भरवसा नाही, दिवाळी हुकते, शिरगावची जत्रा हुकते. याला पळ काढणं म्हणू नका हो. मी त्याला आधी हेच विचारलं की तुला स्वयंपाकाचा वीट आलाय की ड्युटीचा, कारण ड्युटीचा आला असेल तर स्ट्रेट शिफ्टचं, म्हणजे मध्ये ब्रेक नसलेल्या सलग ड्युटीचं, दुसरं किचन बघायचं, धंदाच कशाला बदलायचा?

आता कलेचं. त्याला आलेली ऑफर हॉटेलांना फ्रोजन सी-फूड विकायची आहे. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे ट्रॉलर बंद, ताजा मासा कमी आणि महाग, तेव्हा किती किचनं फ्रोजनवर चालतात ते तुम्हाला मी काय सांगू. सुंगटांच्या (कोळंबीच्या) पाकिटात एकूण वजनाच्या २० टक्के ग्लेझिंग, म्हणजे वरचा बर्फाचा थर, असेल तर किलोच्या पाकिटात सुंगटं ८०० ग्रॅमच, बाकी बर्फ. नुसता रेट सांगणारा सेल्समन इथे गप्प होतो. हा मुलगा मागच्या दारी शेफसमोर पाकीट वितळवेल, पाणी निथळू देईल, काट्यावर ठेवेल आणि एका प्लेटमागे खर्च किती पडतो ते तिथल्या तिथे सांगेल, कारण यील्ड, म्हणजे मालातून हाती किती लागतं ते, काढायला तो तुमच्यासारख्यांच्याच हाताखाली शिकलाय. मग वाया काय गेलं? उद्या त्याला मोबाईलची सिमकार्डं विकायची ऑफर आली असती तर मी तुमच्याच बाजूनं बोललो असतो.

पैशाचं मात्र मी त्याला अजिबात गोड करून सांगितलेलं नाही. ऑफर लेटरवरचा मोठा आकडा सोडून दे आणि फिक्स्ड किती ते बघ, हॉटेलात ड्युटी मील मिळतं, सर्व्हिस चार्ज मिळतो, ते सुटणार, वर पेट्रोल कोणाचं ते लेखी घे. आणि इन्सेंटिव्ह बिलावर मिळणार की वसुलीवर, हे तर पहिलं विचार. मे संपता संपता शॅक (किनाऱ्यावरची हंगामी हॉटेलं) उतरतात, उधारी राहिली की मालकाचा फोन लागत नाही आणि कंपनी सेल्समनच्या मानेवर बसते. हे काम किचनपेक्षा सोपं नाही, वेगळं आहे.

आणखी एक, त्याला आत्ताच्या हॉटेलात पाच वर्षं पुरी व्हायला थोडेच महिने राहिलेत. तेवढं थांबला तर ग्रॅच्युइटी बसते, शेवटचा बेसिक १५,००० धरला तर पाच वर्षांचे सुमारे ४३,००० रुपये होतात. आज रागानं राजीनामा टाकला तर ते गेले. पीएफ काढू नको, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) ट्रान्सफर कर, हेही सांगितलंय.

म्हणजे त्यानं जावंच असं माझं म्हणणं नाही, ग्रॅच्युइटीपर्यंत थांबून, फिक्स्ड नीट असेल तर जावं. तुमच्या ओळखी बऱ्याच आहेत शेफ. डिचोली-म्हापसा पट्ट्यात स्ट्रेट शिफ्टवर सीडीपी घेणारं एखादं किचन माहीत असेल तर इथेच लिहा, मी त्याला आधी तिकडेच पाठवतो.