डॉ. जोसेफिन बेकर यांची नर्स आजारपणाआधीच दारात यायची

आरोग्यशिक्षण म्हणजे भिंतीवर पोस्टर आणि सभागृहात भाषण, ही समजूत मला मुळीच पटत नाही. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यातल्या डॉ. सारा जोसेफिन बेकर यांचं काम वाचावं, मग कळतं.

1908 चा उन्हाळा. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीतल्या कोंदट चाळींत उकाडा वाढला की तान्ही बाळं जुलाबाने पटापट दगावायची. जुलाब लागल्यावर फारसं काही हातात उरत नसे. म्हणून बेकर यांनी जन्मनोंदणीतून नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे पत्ते मिळवले आणि लगेच नर्स घरी पाठवली. बाळ ठणठणीत असतानाच! नर्स सांगायची ते साधंच: अंगावरचं पाजा, रोज आंघोळ घाला, खिडकी उघडी ठेवा, कपड्यांचे थर उतरवून पातळ झबलं घाला. यात अंगावर पाजणं सगळ्यात मोलाचं, कारण उन्हाळ्यात गाईचं दूध घरी पोचेपर्यंतच त्यात जंतू माजलेले असत. त्या उन्हाळ्यात तिथे आदल्या वर्षीपेक्षा सुमारे 1,200 बाळं कमी दगावली.

आई कामावर गेली की धाकट्याला थोरली बहीण सांभाळायची. बेकर यांनी या मुलींचेही वर्ग काढले. हे फार शहाणपणाचं होतं, बाळ दिवसभर जिच्या कडेवर, तिलाच शिकवायला हवं ना!

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती डोळ्यांच्या थेंबांची गोष्ट. आईला परमा (गनोरिया हा लैंगिक आजार) असेल तर जन्मताना बाळाच्या डोळ्यांत जंतू जाऊन ते आंधळं होऊ शकतं. त्यावर सिल्व्हर नायट्रेटचं सौम्य द्रावण घालत, साधारण 1 टक्क्याचं. औषध चांगलं, घोळ बाटलीचा. तीच बाटली पुन्हा पुन्हा उघडायची, त्यामुळे आत घाण जायची. पाणी उडून द्रावण तीव्र व्हायचं, मग ज्या थेंबाने डोळा वाचायचा त्यानेच तो भाजायचा. सुईणींना ‘काळजी घ्या’ असं कितीही बजावलं तरी बाटलीतलं पाणी उडायचं थांबणार होतं का? बेकर यांनी मधमाशीच्या मेणाच्या इवल्या कुप्या करून घेतल्या. एका कुपीत एकाच डोळ्यापुरतं औषध, एका बाळाला दोन कुप्या. कुपी फोडायची, थेंब सोडायचा, रिकामं मेण टाकून द्यायचं. पुढच्या बाळासाठी उरवायला काही शिल्लकच राहत नसे.