‘पिकअपला गाडी थरथरते’ या रिव्ह्यूला आमच्या गॅरेजकडून उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. पिकअप घेताना गाडी थरथरते म्हणून आणली, तर आम्ही ती दोन दिवस अडकवली, तपासणीचे 800 रुपये वेगळे लावले, तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकच्या मते प्लग बदलून भागलं असतं तिथे एक्सल बदलला, आणि एवढं करून सिग्नलला गाडी अजून थरथरतेच, असं तुम्ही लिहिलंय. हे वाचून इतरांनाही तेच वाटेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी प्लग. प्लग किंवा त्याला करंट देणारी कॉइल कमजोर झाली की गाडी मिसिंग मारते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि पिकअपला हादरे देते, हे अगदी खरं आहे. तुमचा मेकॅनिक उगाच काही बोललेला नाही. आम्हीही सुरुवात तिथूनच केली. चारही प्लग काढून बघितले: फिकट तपकिरी, कोरडे, गॅप बरोबर. कॉइलची आपसात अदलाबदल केली, कारण कॉइल खराब असेल तर मिसिंग तिच्यासोबत दुसऱ्या सिलिंडरवर जातं. मग स्कॅनर लावून गाडी चढावर दाबली. एकाही सिलिंडरचं मिसफायर, म्हणजे मिसिंग, दिसलं नाही. अशा गाडीत नवे प्लग टाकले असते तर बिल कमी झालं असतं आणि थरथर तशीच राहिली असती. (इतर वाचणाऱ्यांसाठी: हादऱ्यांसोबत चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी तशीच रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. तो खर्च फार मोठा असतो.)

800 रुपये कशाचे, तर या सगळ्याचे आणि ट्रायलचे. नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे जो चढ लागतो, तिथे तुमची गाडी नेली. तिसऱ्या गिअरमध्ये 50च्या पुढे ॲक्सिलेटर दाबला की पायाखालचा पत्रा थरथरायचा, पाय उचलला की लगेच शांत. त्याच वेगात न्यूट्रल केली, तरी शांत. मागे दोन माणसं बसवली तेव्हा थरथर वाढली. मॅडम, अर्धं निदान इथेच होतं. चाकाचं बॅलन्सिंग गेलं असेल तर थरथर वेगावर ठरते, साधारण 80-90ला स्टिअरिंग हलतं, मग तुम्ही पाय दाबा नाहीतर उचला. ब्रेक मारल्यावरच हलत असेल तर डिस्क बघायची. जागेवरून निघतानाच धडधडत असेल तर क्लच किंवा इंजिन धरून ठेवणारं रबरी माउंटिंग. तुम्ही आमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी बॅलन्सिंग-अलाइनमेंट करून आला होतात. ‘नक्की कधी थरथरते?’ एवढं त्यांच्यापैकी कुणी विचारलं असतं तर तुमचे ते पैसे वाचले असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा डाव्या शाफ्टच्या (तुम्ही लिहिलेला एक्सल तो हाच, गिअरबॉक्सचा जोर चाकाला देणारा दांडा) आतल्या बाजूच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या रबर बूटची क्लिप सैल होती आणि ग्रीस आजूबाजूला उडालेलं होतं. शाफ्ट हाताने वरखाली केला तर स्पष्ट खेळ लागत होता. उघडल्यावर उरलेलं ग्रीस पाण्याने पातळ होऊन राखाडी झालेलं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की अशा फटीतून पाणी आणि बारीक माती आत जाते. बूटच्या आत शाफ्टचा जोड असतो: शाफ्टच्या टोकाला तीन रोलर, ते एका लोखंडी कपातल्या तीन खाचांमध्ये मागेपुढे सरकतात. तुमच्या कपात त्या खाचांना खळगे पडले होते, बोट फिरवलं की नखाला लागत होते. पिकअप घेताना गाडीचं नाक वर उचलतं, शाफ्टचा कोन वाढतो, सगळा जोर त्या खळग्यांवर येतो आणि चाकाच्या एका फेरीत तीन धक्के बसतात. पाय उचलला की जोर गेला, धक्के गेले. खळगे पडल्यावर नवं ग्रीस भरून बूट बसवणं म्हणजे चार दिवस दुखणं झाकणं. आणि हा जोड पार सुटला तर इंजिन चालू राहतं पण गाडी जागची हलत नाही. घाटात, घरची माणसं गाडीत असताना ती वेळ तुमच्यावर यावी असं मला वाटत नाही.

दोन दिवस लागले ते पार्टसाठी. नाना पेठेतून आलेल्या शाफ्टला एबीएसची (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) रिंग नव्हती. तो चालवून घेता आला असता, पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागून राहिला असता आणि एबीएस बंद पडलं असतं. तो परत पाठवून बरोबरचा मागवला. त्या संध्याकाळी तुम्हाला फोन करून हे सांगितलं होतं.

आता सिग्नलची थरथर. ती वेगळी आहे. एसी चालू असताना, गाडी उभी असताना येते आणि गाडी निघाली की जाते, बरोबर? उजव्या बाजूच्या इंजिन माउंटिंगचं रबर चिरलंय. जॉब कार्डावर हे लिहिलेलं आहे, खाली तुमची सही आहे, आणि ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ असं तुम्हीच म्हणालात. त्यात काही गैर नव्हतं, ते काम थांबण्यासारखं आहे, म्हणून मीही आग्रह केला नाही. ज्या थरथरीसाठी गाडी आणली होती ती गेली की नाही, हे डिलिव्हरीच्या वेळी तुम्ही स्वतः त्याच चढावर चालवून बघितलंत.

तपासणीचे पैसे मी यापुढेही घेणार. ते न घेणाऱ्याला पार्ट विकूनच पोट भरावं लागतं, मग अंदाजाने एकेक पार्ट बदलत जाणं आलं, आणि त्यात गिऱ्हाईकच मरतं. काय काय तपासलं याची नोंद मात्र बिलासोबत प्रत्येकाला मिळते, तुमचीही तुमच्याकडे आहे.

तुमचा जुना शाफ्ट गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून ठेवलाय. गुरुवार सोडून कधीही या, तुमच्या मेकॅनिकलाही सोबत आणा, कप उघडून दाखवतो. माउंटिंग तेव्हाच बसवायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे पार्ट आणून ठेवतो. तासाभराचं काम आहे.